काहीही न करणारं क्रियापद

संगणकाला इंग्रजी मजकूर वाचायला देण्याआधी तो ‘साफ’ करून घ्यायची एक जुनी रीत आहे. मजकुरातले बिनकामाचे शब्द आधी काढून टाकायचे. या शब्दांना स्टॉपवर्ड म्हणतात आणि त्यांच्या तयार याद्या मिळतात. पायथनमध्ये भाषेचं काम करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी एनएलटीके नावाची लायब्ररी वापरलेली असते. तिच्यातल्या इंग्रजी यादीत द, ऑफ, इन यांच्या रांगेत डू, डज, डिड, डूइंग हे सगळं कुटुंब बसलेलं आहे. ‘डोन्ट’ फोडल्यावर उरणारे ‘डॉन’ आणि ‘टी’ हे तुकडेसुद्धा त्यात आहेत. एका ओळीचा कोड चालवला की सगळे गायब. मजकुराचा विषय ओळखायला त्यांची गरज नाही, असं गृहीत धरलेलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषेच्या डेटावर काम करते, आणि ही ओळ मी शेकडो वेळा लिहिली आहे. पण त्या यादीतला ‘डू’ दिसला की थांबायला होतं. यंत्र ज्याला कचरा समजतं, त्याच शब्दापाशी मराठी माध्यमातल्या मुलांची शाळेतली कितीतरी वर्षं जातात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत याच शब्दावरून माणूस जोखला जातो. ज्या शब्दाला अर्थच नाही, तो चुकला तर एवढं काय बिघडतं? हे शोधायला गेले आणि थेट संस्कृतपर्यंत जाऊन पोहोचले.

आधी शाळेपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझी पिढी त्या सुरुवातीच्या तुकड्यांतली. आम्हाला शिकवलेला ‘डू’ साधा होता: डू म्हणजे करणे. ‘आय डू माय होमवर्क’, मी माझा गृहपाठ करतो. ठीक. मग एके दिवशी ‘डू यू लाइक मँगोज?’ येतं. यात करणे कुठे आहे? तू आंबे आवडणं करतोस? मग कळतं की प्रश्न विचारायचा असेल तर सुरुवातीला डू लावायचा. नकार द्यायचा असेल तरी डू. ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर डज. डज आला की पुढच्या ‘गोज’मधला शेवटचा आवाज गळतो आणि ‘गो’ उरतो. डिड आला की ‘वेंट’चा पुन्हा ‘गो’ होतो. हे का होतं, ते परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून शिकवत नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या यूट्यूब क्लासपर्यंत पद्धत तीच: नियम घ्या, वाक्यं फिरवा, पाठ करा. त्यातून पोरं इंग्रजी शिकली हे खरं. पण ‘का’ हा प्रश्न बाजूलाच पडला.

शब्दकोशात डू समोर ‘करणे’ लिहिलेलं असतं. गंमत अशी की मुळात त्याचा अर्थ करणे नव्हता. ‘ठेवणे’ होता.

युरोपातल्या आणि उत्तर भारतातल्या बऱ्याच भाषा एकाच आदिम भाषेतून फुटल्या, हे आपण ऐकलेलं असतं. त्या भाषेत ठेवणे, मांडणे या अर्थाचा एक धातू होता. तो जर्मनमध्ये ‘टून’ झाला, लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ झाला (फॅक्ट आणि फॅक्टरी त्यातूनच आले), इंग्रजीत ‘डू’ झाला. आणि संस्कृतमध्ये? ‘धा’. निधी म्हणजे ठेवलेलं धन. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, पुढे केलेला माणूस. संधी म्हणजे दोन गोष्टी जोडून ठेवणं. हित, संहिता, विधान, श्रद्धा हे सगळे धा-चेच. म्हणजे आपण रोज मराठी बोलताना डू-च्या चुलत भावंडांना हाका मारत असतो.

हा जुना ‘ठेवणे’ इंग्रजीतही काही कोपऱ्यांत टिकून आहे. अंगावर कपडे चढवणे याला ‘डॉन’ असं एक क्रियापद आहे. ते म्हणजे ‘डू ऑन’ची आटलेली जोडी: अंगावर ठेवणे. टोपी काढणे याला ‘डॉफ’, म्हणजे ‘डू ऑफ’. आणि आपल्याकडे कपडे ‘परिधान’ करतात, परि अधिक धा, भोवती ठेवणे. हजारो मैल आणि हजारो वर्षं दूर असलेल्या दोन भाषांनी त्याच धातूला एकेक शब्द चिकटवून तोच अर्थ काढला.

मला सगळ्यांत आवडलेली जोडी मात्र वेगळी आहे. ‘डूम’ हा शब्द आपल्याला मोबाइल गेममुळे किंवा डूमस्क्रोलिंगमुळे माहीत आहे. तो डू-च्याच घरातला. जुन्या इंग्रजीत डूम म्हणजे कायदा, निवाडा, जे मांडून ठेवलंय ते. हळूहळू त्याचा अर्थ झाला नशिबात लिहिलेलं आणि मग सर्वनाश. आता आपला ‘विधी’ बघा. वि अधिक धा. विधी म्हणजे नियम आणि कायदा. विधी महाविद्यालयात कायदा शिकतात. आणि विधी म्हणजे नशीबही, विधिलिखित चुकत नाही. दोन्हीकडे कायद्यावरून नशिबावर घसरगुंडी झाली. आणखी एक. क्रियापदाच्या मुळाला आपले व्याकरणकार ‘धातू’ म्हणतात. तो शब्दही धा-पासूनच आलाय. तेव्हा डू हा इंग्रजीतला एक धातू आहे असं म्हणताना आपण त्याची ओळख त्याच्याच नातेवाइकाच्या नावाने करून देत असतो.

एवढं घरंदाज क्रियापद मग रिकामं कसं झालं?

रिकामं होण्याची सवय त्याला आधीपासून असावी. इंग्रजीत भूतकाळ करताना शेवटी जो ‘ड’ लागतो (लव्ह-लव्ह्ड, वॉक-वॉक्ड), तो मुळात ‘डिड’चाच झिजलेला अवशेष असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. प्रेम-केलं, चाल-केली, असं काहीसं. याचा दुवा गॉथिक या नामशेष भाषेत दिसतो. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबलचं भाषांतर केलं, आणि तिथे अनेकवचनी भूतकाळाच्या शेवटी ‘देदुम’ असा अख्खा तुकडा लागलेला सापडतो. तपशिलांवर वाद आहेत. पण कल्पना आपल्याला परकी वाटायला नको. संस्कृतमध्ये ‘कथयांचकार’ असं रूप आहेच. कथयां अधिक चकार. चकार म्हणजे ‘केलं’. सांगणं-केलं. एका क्रियापदाला काळाचा भार पेलवत नाही, म्हणून करणाऱ्याला हमाल म्हणून बोलावणं, हा प्रकार फार जुना आहे.

आता मध्ययुगात येऊ. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत डू-चं एक काम होतं ‘करवून घेणे’. राजाने किल्ला ‘डिड बिल्ड’ म्हणजे राजाने किल्ला बांधवला. यातली गोची मराठी माणसाला लगेच कळेल. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, असं आपण म्हणतो. ‘बांधवून घेतला’ असं म्हणत नाही, कारण महाराज स्वतः चुना कालवत नव्हते हे सगळ्यांना ठाऊक असतं. काम कोणी केलं हे सांगायचंच नसेल, तर बांधला आणि बांधवला यांतला फरक विरघळतो. अल्वर एलगॉर्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने नेमका हाच तर्क मांडला. अशा दुहेरी अर्थाच्या वाक्यांत ‘डिड बिल्ड’ आणि ‘बिल्ट’ एकच वाटू लागलं, आणि डिड-मधला ‘करवणे’ हळूच निसटून गेला. उरला नुसता डिड. काळ दाखवणारा, बाकी काही न सांगणारा. कवींना तर तो सोयीचाच पडला, कारण डिड घातला की मूळ क्रियापद ओळीच्या शेवटी सरकवता येतं आणि यमक जुळतं.

एलगॉर्डचं पुस्तक १९५३चं आहे. विषय फक्त एक: सहायक डू. त्याने जुन्या इंग्रजी मजकुरांतून हजारो वाक्यं वेचली, प्रत्येकात डू आहे की नाही ते नोंदवलं आणि कालखंडानुसार मोजलं. हाताने. आज मी तेच काम दुपारच्या चहाच्या आत उरकेन, पण कशाचं मोजमाप करायचं हे त्याला सुचलं होतं, आणि खरं काम ते असतं. त्याच्या मोजणीतून दिसतं ते असं: १४००च्या आसपास प्रश्नात आणि नकारात डू जवळपास नाहीच. लोक ‘नो यू?’ असं विचारत आणि ‘आय नो नॉट’ असं सांगत, क्रियापद सरळ पुढे आणून किंवा त्याला मागून ‘नॉट’ लावून. मग पंधराव्या शतकात डू वाढू लागतो, सोळाव्यात झपाट्याने वाढतो. आधी प्रश्नांत, मग नकारांत. आणि सगळ्यांत मजेशीर म्हणजे साध्या होकारार्थी वाक्यांतही तो शिरला. ‘आय डिड गो’, काही जोर न देता, नुसतं ‘मी गेलो’ या अर्थाने. होकारार्थी वाक्यांत हे प्रमाण सोळाव्या शतकाच्या मध्याला शंभरात दहाच्या जवळपास गेलं आणि मग उतरणीला लागलं.

म्हणजे शंभर-दोनशे वर्षं इंग्रजी बोलणारा प्रत्येक माणूस दोन व्याकरणं खिशात घेऊन फिरत होता. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा आहेत, कधी कधी एकाच पात्राच्या तोंडी. १६११च्या बायबलात लोक जेवले असं सांगायला ‘एट’ऐवजी ‘डिड ईट’ वारंवार येतं. सॅम्युअल पीप्स या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याची १६६० ते १६६९ची डायरी प्रसिद्ध आहे. ती उघडली तर जिथे तिथे डिड सांडलेले दिसतात. आज एखाद्या विद्यार्थ्याने तसा निबंध लिहिला तर लाल शाईने पान भरेल. त्याच डायरीत मुंबईचाही उल्लेख आहे, कारण दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाच्या करारात हे बेट इंग्रजांना मिळत होतं. १६६८मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. १६७४मध्ये कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर शिवराज्याभिषेकाला हजर होता. आपल्या पुस्तकांत त्याचा उल्लेख असतोच. मला आता त्याच्याबद्दल वेगळंच कुतूहल वाटतं. आज आपल्याला छडी घेऊन शिकवला जाणारा डू-चा नियम त्याच्या काळात पक्का झालेलाच नव्हता. रायगड चढणाऱ्या त्या इंग्रजाच्या पिढीत ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ दोन्ही चालत होतं, आणि साध्या वाक्यातला फुकटचा डिडही.

नियम बसला तो त्यानंतर. १७००च्या सुमाराला प्रश्नांत डू जवळपास सक्तीचा झाला, नकारांत थोडं मागाहून. साध्या वाक्यांतून मात्र त्याची हकालपट्टी झाली. १७११मध्ये अलेक्झांडर पोपने कवींची खिल्ली उडवताना ओळ भरायला वापरल्या जाणाऱ्या पोकळ शब्दांवर एक ओळ लिहिली, आणि त्याच ओळीत मुद्दाम एक पोकळ डू भरून दाखवला. १७५५च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सननेही असा जास्तीचा डू ही सदोष बोली मानली जाते, अशी नोंद केली. काही क्रियापदं तरीही हट्टाने जुन्याच पद्धतीने चालत राहिली. नो हे त्यातलं सगळ्यांत हट्टी. त्याच्याबरोबर डाउट, केअर, फिअर यांसारखी आणखी काही. ‘आय नो नॉट’ अठराव्या शतकातही ऐकू येत होतं. (जाता जाता: सिनेमातल्या लग्नात ‘आय डू’ म्हणतात, पण चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात नवरा-नवरीचं उत्तर ‘आय विल’ असं आहे.)

पण मुळात हे घडलं का? इंग्रजांना एवढी यातायात करायची गरज काय पडली?

एक उत्तर असं आहे की जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापद वाक्यात हलू शकायचं. प्रश्नात ते उडी मारून कर्त्याच्या पुढे जायचं, नकारात ‘नॉट’च्या पुढे. हळूहळू ही हालचाल बंद झाली. बी, हॅव, कॅन, विल ही मंडळी हलती राहिली. ‘इज ही?’, ‘कॅन यू?’ आजही चालतं. बाकीची क्रियापदं जागेला खिळली. मग प्रश्न करायचा तर पुढच्या रिकाम्या खुर्चीत बसायला कोणीतरी हवं. डू रिकामाच होता. बसला.

नोम चॉम्स्कीच्या १९५७च्या पुस्तकात हेच यांत्रिक पद्धतीने सांगितलं आहे. काळाचा प्रत्यय (तो एस किंवा तो ड) कोणत्या तरी क्रियापदाला लटकायला हवा. मध्ये ‘नॉट’ आलं किंवा कर्ता आला की तो प्रत्यय अधांतरी राहतो. त्याला धरायला डू आणायचा. म्हणून ‘डज’मध्ये एस असतो आणि पुढचा ‘गो’ उघडा पडतो. एस गळत नाही, जागा बदलतो. शाळेत हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर किती वह्या वाचल्या असत्या. प्रोग्रॅमरच्या भाषेत हा सरळ ‘एल्स’ आहे: सहायक क्रियापद हजर असेल तर त्याला काम दे, नाहीतर डू-ला बोलाव. योगायोग असा की त्याच १९५७ साली आयबीएमची फोरट्रॅन आली, आणि तिच्यात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायची आज्ञा होती ‘डू’. व्याकरणात डू पूर्ण पोकळ ठरला आणि संगणकात तो सगळ्यांत कष्टाळू झाला. पुढे स्टीफन बोर्नने युनिक्सचा शेल लिहिला तेव्हा त्याने ‘इफ’ संपवायला उलटा ‘फी’ आणि ‘केस’ संपवायला उलटा ‘इसॅक’ घेतला. ‘डू’ संपवायला मात्र ‘ओडी’ घेता येईना, कारण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती. म्हणून तिथे ‘डन’ आहे. लूप लिहिताना ही विसंगती खटकली असेल तर कारण हे.

आणखी एका अभ्यासकाने, अँथनी क्रॉकने, १९८९मध्ये एलगॉर्डचे हाताने मोजलेले आकडे घेतले आणि त्यांवर लॉजिस्टिक वक्र बसवून पाहिला. निघालं असं की प्रश्न असो वा नकार, सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थांशापर्यंत डू सगळीकडे एकाच वेगाने पसरत होता. सुरुवात कुठे लवकर झाली, कुठे उशिरा, पण चढ तोच. म्हणजे वरवर वेगवेगळे दिसणारे बदल आत एकच बदल होता. मशिन लर्निंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात तो हा वक्र एका रिकाम्या क्रियापदाचा इतिहास उलगडायला वापरला गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

डू कुठून आला यावर एक दुसरी बाजूही आहे. वेल्श आणि कॉर्निश या केल्टिक भाषांतही ‘करणे’ सहायक म्हणून वापरतात, तेव्हा इंग्रजीने हे शेजाऱ्यांकडून उचललं, असं काहींचं म्हणणं. जॉन मॅक्वॉर्टर याचा मोठा पुरस्कर्ता. विरोधक म्हणतात, मग लिखाणात ते इतक्या उशिरा का दिसतं? हा वाद मिटलेला नाही, आणि मला तो बाजूला ठेवावासा वाटतो, कारण मला जे हवं होतं ते वेल्समध्ये नाही, आपल्या घरात सापडलं.

मराठीत डू-चा अर्थ काय? ‘करणे’ हे उत्तर जेमतेम निम्मं आहे. प्रश्नातल्या डू-चं काम आपल्याकडे ‘का’ करतो: तू चहा पितोस का? इंग्रजांनी दाराशी ठेवला, आपण मागच्या अंगणात. ‘आय डिड कॉल यू’ यातल्या जोरकस डिडचं काम आपल्याकडे ‘की’ नाहीतर ‘च’ करतो: केला होता की फोन! आणि नकार? इथे खरी मजा आहे. ‘तू जातोस’ याचा नकार करा. ‘तू जात नाहीस’. जातोस-मधला शेवटचा ‘स’ कुठे गेला? नाही-ला जाऊन चिकटला. ‘ते जातात’चं ‘ते जात नाहीत’ होतं. शेवटचा ‘त’ उडी मारून पलीकडे, आणि क्रियापद उघडं, नुसतं ‘जात’. भूतकाळातही ‘तू गेलास’चं ‘तू गेला नाहीस’. आता ‘ही गोज’ आणि ‘ही डज नॉट गो’ शेजारी ठेवून बघा. तीच उडी. ‘तू जातोस नाहीस’ असं आपण चुकूनही म्हणत नाही. म्हणजे ‘डज ही गोज’ का चुकतं, हे मराठी मुलाच्या कानाला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत असतं. फक्त कोणी ओळख करून दिलेली नसते.

आणि खुद्द इंग्रज मुलं? ती बोलायला शिकताना काळ दोनदा लावतात. ‘डिड’ही भूतकाळी आणि पुढचं क्रियापदही भूतकाळी. बालभाषेच्या अभ्यासांत याची भरपूर उदाहरणं आहेत. त्यांना कोणी हसत नाही. मूल आहे, शिकेल, म्हणतात.

आपल्याकडे काय होतं ते मी कामाच्या ठिकाणी पाहिलं आहे. एका ऑनलाइन मुलाखतीत मी पॅनलवर होते. समोरचा मुलगा तालुक्याच्या गावातून शिकून आलेला. माझ्या सहकाऱ्याने त्याला एक कोडं घातलं. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, “सर, डिड यू मेंट इनपुट इज सॉर्टेड?” प्रश्न अचूक होता. आकडे आधीच क्रमाने लावलेले आहेत की नाहीत, यावर अख्खं उत्तर बदलत होतं, आणि त्या दिवशी हे विचारणारा तो एकटाच होता. सहकाऱ्याने माइक बंद केला आणि हसला. “अगं, डिड यू मेंट! आणि हा क्लायंट कॉलवर बोलणार?” मी म्हटलं, त्याचा प्रश्न ऐकलास का? “ते ठीक आहे गं, पण कम्युनिकेशन.” फॉर्मवर त्या नावाचा रकानाच असतो. मी माझ्या रकान्यात त्याचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि चांगले गुण दिले. निवड झाली नाही.

त्याच सहकाऱ्याच्या मेलच्या शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’ असतं. हा वाक्प्रचार अठराव्या शतकातल्या इंग्रजांचा. त्यांच्याकडे तो मागे पडला, आपल्या कचेऱ्यांनी जपून ठेवला. आणि फोनवर तो दिवसातून दहा वेळा ‘डू वन थिंग’ म्हणतो, जे ‘एक काम कर’चं सरळ भाषांतर आहे. मला ही दोन्ही वाक्यं आवडतात. कोणाचं काही अडत नाही त्यांच्यामुळे. पण मग ‘डिड यू मेंट’मुळेही कोणाचं काही अडलं नव्हतं. प्रश्न काय आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

याच सुमारास मी नाही-चं मूळ शोधत होते, आणि शेवटची गंमत तिथे मिळाली. ‘नाही’ म्हणजे न अधिक आहे. पण जुन्या मराठीत नकार असा मागून यायचाच असं नव्हतं. ‘न’ सरळ क्रियापदाला पुढून लागायचा: न करी, न बोले, न लगे. १२९०च्या ज्ञानेश्वरीत ‘नेणे’ आहे, न अधिक जाणे. संतांच्या अभंगांत तर तो पदोपदी भेटतो. नंतर बोली बदलत गेली आणि ‘जाणत नाही’ अशी जोडी रूढ झाली, नकाराचा भार वेगळ्या शब्दावर. जुनी पद्धत काही मोजक्या ठिकाणी उरली: नसतो, नव्हे, जाऊ नये. ‘असणे’ आणि ‘होणे’ यांनी आपला ‘न’ सोडला नाही, जसं इंग्रजीत ‘इज नॉट’ला आजही डू लागत नाही. आणि जाणणे, म्हणजे ‘नो’, तेही दोन्ही भाषांत अडून बसलेलं. पावसाळ्यात घराबाहेर पडताना आई अजूनही म्हणते, छत्री घे, न जाणो पाऊस आला तर.